समानधर्म्यासाठी ठेवलेली खूण

गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली गाडी आमगाव सोडते आणि थोड्याच वेळात सालेकसा, दरेकसाच्या झाडीत शिरते. हावडा-नागपूर-मुंबई हा देशातला अत्यंत गजबजलेला लोहमार्ग, पण या टप्प्यात मोबाइलला रेंज असतेच असे नाही. अशा वेळी क्रोममध्ये काही शोधायला जावे तर हवे ते पान येत नाही. येतो करड्या चौकोनी ठिपक्यांनी रेखलेला एक डायनासोर, आणि त्याच्याखाली इंटरनेट नसल्याची सूचना. मोठी माणसे ती वाचून फोन खिशात ठेवतात. पोरांना मात्र पुढचे ठाऊक असते. त्या डायनासोरवर बोट टेकवले की तो धावायला लागतो, निवडुंग आला की उडी मारतो, आणि नेटवर्क परत येईपर्यंतचा वेळ मजेत जातो.

हा खेळ २०१४ साली गूगलच्या क्रोम ब्राउझरवर काम करणाऱ्या सेबास्तियन गॅब्रिएल, ॲलन बेटेस आणि एडवर्ड जंग या मंडळींनी रचला. ‘इंटरनेट नाही म्हणजे आपण प्रागैतिहासिक काळात गेलो’ ही त्यामागची कल्पना. तो खेळायला या, असे सांगणारे बटण कुठेही नाही. ज्याला सापडेल त्याला सापडेल, अशी रचना. तरीही २०१८ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी सांगितले, की महिन्याला सुमारे २७ कोटी वेळा हा खेळ खेळला जातो. तो सर्वाधिक कुठे खेळला जातो, हेही त्यांनी सांगितले: जिथे मोबाइल डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे अशा देशांत, म्हणजे भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया. कॅलिफोर्नियात कुणी तरी ठेवलेली गंमत आमच्या झाडीपट्टीपर्यंत पोचली, आणि इथे तिला घरच्यासारखी जागा मिळाली.

सॉफ्टवेअरमध्ये अशा लपवून ठेवलेल्या गमतींना ‘ईस्टर एग’ म्हणतात. ईस्टरच्या सणाला पाश्चात्त्य घरांत मुलांसाठी रंगवलेली अंडी लपवतात आणि मुले ती शोधत हिंडतात, त्यावरून हे नाव पडले. वरवर पाहता हा रिकामटेकडेपणा वाटेल. पण या गमतींच्या मुळाशी श्रेयाचा, नावाचा आणि ओळखीचा एक गंभीर प्रश्न आहे. आमगावच्या मातीला तो प्रश्न फार जुना आहे.

एका करड्या ठिपक्यामागची खोली

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अटारी कंपनीचे व्हिडिओ गेम घराघरांत पोचत होते. खेळाच्या खोक्यावर कंपनीचे नाव असे, तो रचणाऱ्या प्रोग्रामरचे नसे. त्या वेळी एक संपूर्ण खेळ एकच माणूस लिहायचा. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, सारा कोड त्याचा. तरीही त्याचे नाव जाहीर होऊ नये, असे कंपनीचे धोरण होते. नाव कळले तर दुसरी कंपनी त्याला पळवेल, किंवा तो जास्त मोबदला मागेल, ही भीती. १९७९ मध्ये अटारीतले चार निष्णात प्रोग्रामर याच नाराजीतून बाहेर पडले आणि त्यांच्यातून ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली.

वॉरन रॉबिनेट हा त्यांच्याच पिढीचा. त्याने ‘ॲडव्हेंचर’ नावाचा खेळ लिहिला. किल्ले, चक्रव्यूह, ड्रॅगन आणि तलवार हे सगळे त्याने अवघ्या ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवले. २५ डॉलर किमतीच्या या खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. रॉबिनेटला मिळाला तो वर्षाला सुमारे २२ हजार डॉलरचा ठरलेला पगार. त्याने भांडण केले नाही. खेळातच एक गुप्त खोली बांधली आणि कुणालाही, अगदी वरिष्ठांनाही, तिचा पत्ता लागू दिला नाही.

त्या खोलीत शिरायची वाट अशी: काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात एका बंदिस्त कप्प्यात, पार्श्वभूमीच्याच रंगाचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा एकच ठिपका पडलेला असतो. तो उचलायचा, दूरच्या एका दालनापर्यंत न्यायचा, तिथे आणखी दोन वस्तू आणून ठेवायच्या. मग एक भिंत लुकलुकू लागते आणि तिच्यातून आरपार जाता येते. पलीकडे रंग बदलत चमकणारी एक उभी ओळ असते: हा खेळ वॉरन रॉबिनेटने निर्माण केला.

खेळ बाजारात येईपर्यंत रॉबिनेटने कंपनी सोडली होती. १९८० मध्ये अमेरिकेच्या सॉल्ट लेक सिटीतल्या एका १५ वर्षांच्या मुलाने कंपनीला पत्र लिहिले, की मला ही खोली सापडली आहे. कंपनीत खळबळ उडाली. ती काढून टाकायची तर कार्ट्रिजची नवी चिप घडवावी लागणार होती आणि त्याचा खर्च १० हजार डॉलरच्या घरात जाणार होता. तेव्हा स्टीव्ह राइट या अधिकाऱ्याने वेगळाच विचार मांडला. खोली राहू द्या, आणि पुढच्या खेळांतही अशी अंडी लपवत चला, मुले ती आनंदाने शोधतील. आज सॉफ्टवेअरच्या जगात रूढ झालेले नाव तिथून आले.

या हकिकतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्या मुलाचा वाटा. रॉबिनेटला तो माहीत नव्हता. तो आहे की नाही, कधी येईल, कुठून येईल, काही ठाऊक नव्हते. तरीही खोली बांधताना त्याच्या मनासमोर असा कुणी तरी होता. सर्वांना दिसेल अशी पाटी लावायची मुभा नव्हती, म्हणून जो माझ्याइतक्याच चिकाटीने या चक्रव्यूहात फिरेल त्याला माझे नाव कळू दे, असा तो संदेश होता.

पद्मपूरचा नाटककार

आता आमगावकडे येऊ. गावालगतच पद्मपूर आहे. बोलताना लोक ‘पदमपूर’ म्हणतात. आठव्या शतकातला थोर संस्कृत नाटककार भवभूती याचे हे गाव, असे विदर्भात मानले जाते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यामागे संशोधनाचे बळ उभे केले. दुर्ग इथे वाकाटकांचा एक अर्धवट राहिलेला ताम्रपट मिळाला होता आणि त्यात तो पद्मपुरातून दिला जात असल्याचे कोरलेले आहे. विदर्भातले आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून भवभूतीने ज्या पद्मपुराचे नाव घेतले ते हेच, असे मिराशींनी मांडले. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचेच नाव आहे.

त्याच्या गावाचे नाव आपल्याला कळते, कारण ते त्याने स्वतः लिहून ठेवले. आपल्याकडच्या कितीतरी प्राचीन लेखकांनी स्वतःविषयी एक अक्षरही ठेवलेले नाही. कालिदासाच्या गावावरून आजही वाद आहेत. भवभूतीने मात्र नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराच्या तोंडून गाव, कुळ, आजोबा भट्ट गोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी अशी सगळी ओळख वदवली. त्याची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाल्याचे त्या प्रस्तावनांवरून दिसते. म्हणजे यात्रेला जमलेल्या गर्दीपुढे नटाच्या बोलण्यात लेखकाने आपली सही मिसळली. आजही आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते, रात्रभर नाटके चालतात. यात्रेच्या गर्दीत नाटकाच्या सुरुवातीला लेखकाचे नाव ऐकणे म्हणजे काय, हे झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला वेगळे समजवावे लागत नाही.

पण भवभूतीने त्याहून मोठी गोष्ट केली ती ‘मालतीमाधव’ नाटकाच्या सुरुवातीला. आपल्या काळातल्या लोकांनी आपली कदर केली नाही, ही खंत त्याच्या मनात होती. ती बोलून दाखवताना तो जे म्हणतो त्याचा आशय असा: हा खटाटोप त्या निंदकांसाठी नाही, माझ्यासारख्याच स्वभावाचा कुणी तरी कुठे तरी असेल किंवा पुढे जन्माला येईल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वीही फार मोठी आहे. त्या न भेटलेल्या माणसासाठी त्याने वापरलेला ‘समानधर्मा’ हा शब्द पुढे मराठीतही रुळला.

रॉबिनेटच्या गुप्त खोलीचे मर्म यापेक्षा नेमके कुणी सांगितलेले मला माहीत नाही. एकाने नाटक लिहिले, दुसऱ्याने कोड. दोघांच्या मध्ये साडेबाराशे वर्षे आहेत. पण काम हातावेगळे करताना दोघांनीही एका अनोळखी माणसावर विश्वास टाकला. सॉफ्टवेअरमधल्या लपलेल्या गमती पाहताना मी हाच निकष लावतो: ही खूण कुणासाठी ठेवली आहे, आणि ती ठेवणाऱ्याला तो माणूस भेटावासा वाटतो का?

सह्यांचा काळ आणि त्याचा शेवट

त्या काळात सगळ्याच कंपन्या अटारीसारख्या वागत नव्हत्या. ॲपलचा मॅकिंटॉश घडत असताना १९८२ मध्ये स्टीव्ह जॉब्सने तो बनवणाऱ्या सर्वांच्या सह्या एका कागदावर घेतल्या आणि त्या यंत्राच्या खोक्याच्या आतल्या बाजूला साच्यातून उमटवल्या. १९८४ मध्ये मॅकिंटॉश विक्रीला आला. तो वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या सह्या कधी दिसल्या नाहीत. दुरुस्तीसाठी खोके उघडणाऱ्याला मात्र दिसत. कलावंत आपल्या कृतीवर सही करतो, ही जॉब्सची धारणा होती.

मायक्रोसॉफ्टमध्ये सह्यांची ही हौस शिगेला पोचली. एक्सेल ९७ मध्ये एका ठराविक रांगेत जाऊन काही कळा दाबल्या, की हिशेबाचा तक्ता नाहीसा होई आणि पडद्यावर विमानातून दिसावे तसे जांभळट डोंगर उलगडत. त्या डोंगरांत उडत राहिले की एका शिळेवर एक्सेल घडवणाऱ्यांची नावे सरकताना दिसत. वर्ड ९७ मध्ये पिनबॉलचा खेळ दडलेला होता. महाराष्ट्रात कचेऱ्यांत, बँकांत, टायपिंगच्या जागी आलेल्या संगणक वर्गांत हीच सॉफ्टवेअर येऊ लागली होती. पुढे २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीने तालुक्यातालुक्यात वर्ड-एक्सेल पोचवले. तोपर्यंत या गमतींच्या अखेरीची चाहूल लागली होती.

१५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कंपनीतल्या सर्वांना एक पत्र पाठवले. यापुढे सुरक्षितता आणि विश्वासार्हता सर्वांत आधी, नव्या सोयी त्यानंतर, असा त्याचा रोख होता. त्या धोरणात लपवलेल्या गमतींना जागा उरली नाही. कारण रास्त होते. सरकारे आणि बँका जे सॉफ्टवेअर विकत घेतात त्यात कुठेही नोंद नसलेले विमान उडत असेल, तर नोंद नसलेले आणखी काय काय असेल, असा प्रश्न त्यांना पडणारच. जो कोड कुणी तपासलेला नाही त्यातून चोरवाट निघू शकते.

मला हा निर्णय पटतो आणि त्याचे वाईटही वाटते. रुग्णालयाच्या यंत्रात किंवा मतमोजणीच्या व्यवस्थेत कुणी गंमत लपवू नये, हे उघड आहे. पण याच काळात यंत्रे माणसांच्या अधिकाधिक जवळ येत गेली, आणि ती घडवणारी माणसे मात्र दिसेनाशी होत गेली.

शोधयंत्राच्या दारात

ही हौस पुन्हा डोके वर काढू लागली ती शोधयंत्रात, आणि या वेळी कंपनीच्या परवानगीने. गूगलवर इंग्रजीत ‘रिकर्शन’ शोधा. तुम्हाला ‘रिकर्शन’ म्हणायचे आहे का, असा प्रश्न तेच शोधयंत्र पुन्हा विचारते, आणि त्यावर टिचकी मारली की फिरून तेच. स्वतःलाच बोलावत राहणारी प्रक्रिया म्हणजे रिकर्शन, हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका टिचकीत समजते. ‘अस्क्यू’ शोधले की पान किंचित तिरपे होते. २०११ मध्ये आलेले ‘डू अ बॅरल रोल’ शोधले की अख्खे पान कोलांटी मारते. २१ मे २०१० रोजी पॅकमॅन खेळाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त गूगलच्या मुखपृष्ठावरचे बोधचिन्हच खेळता येईल असे झाले.

बोधचिन्हाशी खेळण्याची ही परंपरा, म्हणजे डूडल, १९९८ पासूनची. तिच्यात मराठी माणसेही येत गेली. ३ जानेवारी २०१७ रोजी सावित्रीबाई फुले, ३१ मार्च २०१८ रोजी आनंदीबाई जोशी, त्याच वर्षी २६ डिसेंबरला आमच्या विदर्भातले बाबा आमटे, ८ नोव्हेंबर २०२० रोजी पु. ल. देशपांडे, १५ जानेवारी २०२३ रोजी खाशाबा जाधव. पुलंचे डूडल मुंबईच्या समीर कुलावूर यांनी काढले. शाळेच्या प्रकल्पासाठी भलतेच काही शोधायला बसलेल्या मुलीला त्या दिवशी शोधयंत्राच्या दारातच सावित्रीबाई भेटल्या असतील. न मागता मिळालेली ही ओळख तिच्या लक्षात राहील, असे मला खात्रीने वाटते.

२०२२ च्या दिवाळीत गूगलवर दिवाळी शोधणाऱ्यांना एक पणती दिसे. तिच्यावर टिचकी मारली की पानावर विझलेल्या पणत्या येत, आणि हातातल्या पेटत्या पणतीने एकेक उजळता येत असे.

तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही असे काही आहे. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ हा भाग उघडा, अँड्रॉइडच्या आवृत्तीवर जा आणि त्या आकड्यावर भराभर बोट टेकवत राहा. २०१० च्या अखेरीस आलेल्या २.३ या आवृत्तीपासून ही प्रथा चालू आहे. २०१६ च्या सातव्या आवृत्तीत मांजरे गोळा करता येत. २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीत ताऱ्यांमधून जाणारे अवकाशयान चालवता येते. दुकानातून आणलेला फोन कित्येक वर्षे वापरूनही हे माहीत नसलेले लोक पुष्कळ आहेत. कुणी तरी दाखवते, मग आपण पुढच्याला दाखवतो. ही माहिती अशीच, एकाकडून दुसऱ्याकडे पसरते.

लपवणे आणि फसवणे

लपवलेली प्रत्येक गोष्ट निरागस नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनची एक लबाडी उघड केली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतल्या सॉफ्टवेअरला आपली प्रदूषण चाचणी चालू असल्याचे ओळखता येत होते. चाचणीपुरता धूर स्वच्छ निघे. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हा कोड होता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

तंत्राने पाहिले तर गुप्त खोली आणि ही लबाडी यांत फरक थोडा: दोन्हीकडे न सांगितलेला कोड, दोन्हीकडे ठराविक परिस्थितीत तो जागा होतो. फरक आहे तो हेतूत. रॉबिनेटची खोली शोधली जावी म्हणून बांधली होती; गाडीतला कोड कधीच सापडू नये म्हणून लिहिला होता. एकाला समानधर्म्याची वाट होती, दुसऱ्याला तपासनिसाचे भय. ज्याला सापडेल त्याला आनंद होईल, आणि न सापडणाऱ्याचे काहीही बिघडणार नाही, या दोन अटी पाळल्या तरच लपवण्याला खेळ म्हणावे.

आकाशकंदील कोण लावणार?

या दोन्ही अटी सहज पाळल्या जातात त्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, कारण तिथे कोड कुणालाही वाचता येतो. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘अबाउट’, अपूर्णविराम आणि ‘रोबोट्स’ लिहिले की यंत्रमानवांचा एक संदेश उघडतो. डेबियन या संगणकप्रणालीत ‘एपीटी मू’ अशी आज्ञा दिली की अक्षरांनी रेखलेली गाय येते आणि ‘आज हंबरलात का?’ असे विचारते. पायथन भाषेत ‘इम्पोर्ट धिस’ लिहिले की चांगला कोड कसा लिहावा यावरची टिम पीटर्स यांची वचने समोर येतात. ही सगळी रहस्ये उघड्यावर ठेवलेली आहेत. वाचणारा हवा.

व्हीएलसी हा व्हिडिओ पाहायचा प्रोग्राम गावोगावच्या संगणकांवर असतो. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला. त्याचे चिन्ह म्हणजे रस्त्यावरचा नारिंगी शंकू. नाताळ जवळ आला की या शंकूच्या डोक्यावर सांताक्लॉजची टोपी दिसू लागते. कोडमध्ये ती तपासणी अगदी साधी आहे: वर्षाचा ३५४ वा दिवस, म्हणजे २० डिसेंबर, उजाडला की चित्र बदला.

मग दिवाळीला या शंकूशेजारी आकाशकंदील का लटकू नये? कोड खुला आहे, बदल सुचवायला कुणाची आडकाठी नाही. अडचण आहे ती गणिताची, आणि तीच या कामातली खरी गोडी. नाताळची तारीख ठरलेली. लक्ष्मीपूजन मात्र २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला, २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला, आणि अधिक मासानंतर २०२९ मध्ये पुन्हा ५ नोव्हेंबरला येते. आकाशकंदील योग्य दिवशी लावायचा तर प्रोग्रामला आश्विन अमावास्या, प्रदोषकाळ आणि अधिक मास समजले पाहिजेत. चंद्र-सूर्याच्या गतीपासून तिथी काढायची, किंवा सुरुवातीला पुढच्या दहा वर्षांच्या तारखांचा तक्ता तरी जोडायचा. आमगावच्या महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींना एका सुट्टीत करता येईल असे हे काम आहे, आणि ते करता करता खगोलशास्त्र, पंचांग आणि प्रोग्रामिंग तिन्ही शिकून होईल.

व्हीएलसीच्या मंडळींनी तो बदल स्वीकारला नाही, तरी स्वतःचे काही लिहायला कुणी अडवलेले नाही. धानाच्या हिशेबाचे ॲप असो, शाळेच्या हजेरीचा तक्ता असो, ग्रंथालयाची यादी असो. त्यात मराठीत, झाडीबोलीत, पोवारीत किंवा गोंडीत एक निरुपद्रवी गंमत ठेवता येते. फायरफॉक्सच्या भाषांतरासाठी जी वाक्ये दिली जातात त्यांत त्या यंत्रमानवांचा संदेशही असतो, म्हणजे प्रत्येक भाषेच्या स्वयंसेवकांना त्यांना आपल्या बोलीत बोलते करता येते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रोग्रामिंगच्या प्रत्येक प्रकल्पात विद्यार्थ्यांकडून एक लपलेली गंमत मागा आणि शेजारच्या वर्गाला ती शोधायला लावा. शोधताना मुले दुसऱ्याचा कोड वाचायला शिकतील. लपवताना, आपला कोड कुणी तरी वाचणार आहे हे भान त्यांना येईल. चांगला प्रोग्रामर या दोन सवयींतून घडतो.

आपण मराठी माणसे गेली तीस वर्षे दुसऱ्यांनी लपवलेले शोधत आलो, आणि तो आनंद खराच होता. आता लपवण्याची पाळी आपली आहे. जगात कुठे तरी एखादा अनोळखी मुलगा पडद्यावर अचानक उजळलेला आकाशकंदील पाहून ‘हे काय, आणि हे कुणी केले?’ असे विचारील, आणि त्याचे उत्तर शोधत कोड वाचता वाचता आमगावच्या एखाद्या मुलीच्या नावापर्यंत येऊन पोचेल. एवढे होण्यासाठी लागणारी साधने आज तिच्या हातातल्या फोनमध्ये आणि महाविद्यालयाच्या संगणकावर फुकट उपलब्ध आहेत. तिला ती वापरायला सांगणारे कुणी तरी हवे, आणि ते काम आपले आहे.